दोन सिंगल बेड, मधे एक टेबल: जुन्या अमेरिकी टीव्हीवर नवरा-बायको वेगळे का झोपायचे?

जुन्या अमेरिकी मालिकांचे कृष्णधवल तुकडे हल्ली मोबाइलवर सारखे समोर येतात. त्यात झोपायच्या खोलीचा प्रसंग आला की बरेच जण थबकतात. नवरा गळ्यापर्यंत बटणं लावलेल्या पायजम्यात, बायको अंगभर गाउनमध्ये, आणि दोघं दोन वेगवेगळ्या सिंगल बेडवर. मधे छोटं टेबल, त्यावर दिवा. दिवसभराच्या गप्पा होतात, दिवा मालवला जातो, प्रसंग संपतो. शेजारच्या खोलीत त्यांची मुलं झोपलेली असतात.

मग प्रश्न सुरू होतात. अमेरिकेत असं? तिथली माणसं खरंच अशी झोपायची, की सरकारने बंदी घातली होती? बंदी होती तर उठली कधी? याची जी उत्तरं फिरतात त्यातली बरीचशी अर्धवट आहेत. ‘तेव्हा तसा कायदाच होता’ हे एक. ‘जुना काळ सोवळा होता, पुढे हळूहळू मोकळा होत गेला’ हे दुसरं. कायदा कधीच नव्हता. आणि क्रम तर चक्क उलटा आहे: अमेरिकी टीव्हीवरच्या पहिल्या कौटुंबिक विनोदी मालिकेत नवरा-बायको एकाच पलंगावर झोपत. दोन बेड नंतर आले. ते का आले हे नीट समजून घ्यायला हवं, कारण पडद्यावर काय दिसावं हे ठरवण्याची ती पद्धत आजही चालू आहे, आपल्याकडेही.

सुरुवातीला पलंग एकच होता

१८ नोव्हेंबर १९४७ रोजी ड्यूमाँट नावाच्या वाहिनीवर ‘मेरी के अँड जॉनी’ सुरू झाली. पंधरा मिनिटांचा कार्यक्रम, न्यूयॉर्कमधून थेट प्रक्षेपित होणारा. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहिनीवरचा हा पहिला सिटकॉम मानला जातो. सिटकॉम म्हणजे तीच ती पात्रं दर आठवड्याला नव्या गमतीशीर अडचणीत सापडतात अशी मालिका. मेरी के आणि जॉनी स्टर्न्स हे खऱ्या आयुष्यातही नवरा-बायको होते. मालिकेत ते न्यूयॉर्कच्या एका फ्लॅटमध्ये राहत आणि त्यांच्या झोपायच्या खोलीत पलंग एकच होता. १९४८ च्या डिसेंबरमध्ये त्यांना मुलगा झाला. तो गरोदरपणही मालिकेत आला आणि पुढे तान्हं बाळही पडद्यावर आलं.

यावर गदारोळ का झाला नाही? कारण बघत होतं कोण! टीव्ही तेव्हा मोजक्या घरांत होता. या मालिकेच्या प्रायोजकाला, म्हणजे ॲनासिन या डोकेदुखीच्या गोळ्या विकणाऱ्या कंपनीला, आपला कार्यक्रम कोणी पाहतं की नाही हेच ठाऊक नव्हतं. म्हणून १९४८ मध्ये त्यांनी जाहीर केलं, की पत्र पाठवणाऱ्या पहिल्या २०० प्रेक्षकांना एक आरसा भेट. पत्रं आली जवळजवळ ९,०००. कंपनीला तेव्हा कळलं की पडद्यापलीकडे माणसं आहेत.

ती माणसं फार वेगाने वाढली. १९५० मध्ये अमेरिकेतल्या साधारण ९ टक्के घरांत टीव्ही होता, १९५५ पर्यंत निम्म्याहून कितीतरी जास्त घरांत, आणि १९६० उजाडेपर्यंत दहापैकी जवळपास नऊ घरांत. एवढ्या घरांत एकाच वेळी, आजी-आजोबांपासून पोराबाळांपर्यंत सगळ्यांसमोर, संध्याकाळच्या जेवणाच्या सुमारास चालणारी गोष्ट म्हटल्यावर ती चालवणाऱ्यांना धास्ती वाटू लागली. दोन बेडांची कथा या धास्तीची आहे.

मग ही पहिली मालिका लोकांच्या लक्षात का नाही? ती उरलीच नाही म्हणून. त्या काळी थेट कार्यक्रम जपून ठेवायचा तर टीव्हीच्या पडद्यासमोर फिल्मचा कॅमेरा लावून चित्रण करत. असं केलेलं चित्रण अंधुक असे आणि तेही फारसं कोणी सांभाळलं नाही. ‘मेरी के अँड जॉनी’चं आज जवळजवळ काहीच शिल्लक नाही. ज्या मालिका मूळातच उत्तम फिल्मवर चित्रित झाल्या त्या टिकल्या आणि वर्षानुवर्षं पुन्हा दाखवल्या गेल्या. नेमक्या त्यातल्याच बऱ्याच मालिकांत दोन बेड होते. ‘जुना टीव्ही असाच होता’ ही समजूत बरीचशी या टिकलेल्या फिल्मांमुळे झाली आहे.

सिनेमाने घालून दिलेला पायंडा

टीव्हीच्या आधी हा प्रश्न सिनेमाला पडला होता. १९१५ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सिनेमा हा निव्वळ धंदा आहे, त्याला भाषणस्वातंत्र्याचं संरक्षण नाही, असं ठरवलं. मग वेगवेगळ्या राज्यांची सेन्सॉर मंडळं कात्री घेऊन बसली. एका राज्यात चालणारा सिनेमा दुसऱ्या राज्यात कापला जाई. चर्चच्या संघटना बहिष्काराची भाषा करू लागल्या. या सगळ्यातून केंद्र सरकारचाच कायदा येईल अशी हॉलिवूडला भीती वाटली. तो यायच्या आत निर्मात्यांनी आपली आपणच नियमावली केली. त्यांच्या संघटनेचे प्रमुख विल हेज यांच्या नावाने ती ‘हेज कोड’ म्हणून ओळखली जाते. ती १९३० मध्ये स्वीकारली गेली आणि १९३४ पासून जोसेफ ब्रीन यांच्या कार्यालयाने ती कडकपणे राबवली. त्या कार्यालयाची मोहोर नसेल तर मोठ्या चित्रपटगृहांत सिनेमा लागणं कठीण.

या नियमावलीत झोपायच्या खोलीबद्दल नेमकं काय लिहिलं होतं? एवढंच, की शयनगृहाचं चित्रण सुरुचीने आणि नाजूकपणे व्हावं. नवरा-बायकोंना दोन बेड द्यावेत असं त्यात कुठेही नव्हतं. पलंगावर दोघं असतील तर एकाचा पाय जमिनीला टेकलेला हवा, असा एक नियम लोक हमखास सांगतात. तोही लिखित नियमावलीत नाही.

मग दोन बेड आले कुठून? ‘सुरुचीने’ म्हणजे किती, हे कोणीच सांगितलेलं नव्हतं. नियम मोघम असला की तो पाळणारा माणूस जरा जास्तच मागे सरकून उभा राहतो. सेट बांधून, चित्रण करून झाल्यावर कोणी आक्षेप घेतला तर लाखो डॉलर पाण्यात जाणार. त्यापेक्षा सुरुवातीलाच दोन बेड ठेवले तर वाद होण्याचं कारणच उरत नाही. शिवाय ब्रिटन ही हॉलिवूडची मोठी परदेशी बाजारपेठ होती आणि तिथल्या सेन्सॉरला जोडपं एका पलंगावर दिसलेलं खपत नसे. दोन बेड ठेवले की दोन्ही बाजूंची चिंता मिटली. होता होता ती सवय झाली आणि सवयीलाच पुढे लोक नियम म्हणू लागले.

टीव्हीची संहिता: सरकारच्या आधी आपणच

टीव्ही केंद्रांना सरकारी आयोगाकडून परवाना घ्यावा लागे आणि ठरावीक वर्षांनी तो नव्याने मिळवावा लागे. १९३४ च्या कायद्याने या आयोगाला कार्यक्रम सेन्सॉर करण्याची स्पष्ट मनाई होती. तरी परवाना देणाऱ्याच्या मनात काय आहे याची काळजी परवाना घेणाऱ्याला असतेच. त्यात टीव्हीवरच्या आक्षेपार्ह गोष्टींबद्दल तक्रारी वाढल्या आणि १९५२ मध्ये अमेरिकी संसदेच्या समितीने त्यावर सुनावण्याही घेतल्या.

प्रसारकांची संघटना त्याआधीच कामाला लागली होती. ६ डिसेंबर १९५१ रोजी तिने ‘टेलिव्हिजन कोड’ मंजूर केला आणि १ मार्च १९५२ पासून तो लागू झाला. त्यातली बरीच भाषा सिनेमाच्या नियमावलीतून आलेली आहे. विवाहाचं पावित्र्य आणि घराचं मोल यांचा मान राखावा, घटस्फोटाचा विषय सहजासहजी हाताळू नये, लैंगिक जीवनाशी निगडित जागा दाखवताना सुरुची आणि नाजूकपणा पाळावा. झोपायची खोली या शेवटच्या वाक्यात बसते. इथेही बेड किती असावेत ते लिहिलेलं नाही.

हा कोड ऐच्छिक होता. तो पाळणाऱ्या केंद्राला पडद्यावर दाखवायला एक मानचिन्ह मिळे आणि मोडला तर जास्तीत जास्त ते चिन्ह काढून घेतलं जाई. याला स्वनियमन म्हणतात, म्हणजे धंदेवाल्यांनी स्वतःवर स्वतःच नियम घालून घेणं. आपल्या हाउसिंग सोसायटीचं उदाहरण घ्या. गच्चीवर रात्री दहानंतर गाणी लावायची नाहीत, असा ठराव कमिटी करते. तो मोडला म्हणून कोणी तुरुंगात जात नाही. पण ठराव केलेला असतो तो कोणी पोलिसांत तक्रार करायच्या आधी आपल्यातच मिटावं म्हणून. आणि एकदा ठराव झाला की सावध माणूस नऊ वाजताच आवाज बंद करतो. अमेरिकी टीव्हीने असाच नऊ वाजता आवाज बंद केला.

आपल्याकडे ही पद्धत आज ओटीटीला लागू आहे. सिनेमाला प्रदर्शनाआधी सरकारने नेमलेल्या मंडळाचं प्रमाणपत्र लागतं. ओटीटीवरच्या मालिकेला तसं प्रमाणपत्र लागत नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये आलेल्या नियमांनी त्यासाठी तीन पायऱ्या ठरवल्या: आधी कंपनीने स्वतः तक्रार सोडवायची, मग कंपन्यांच्या स्वनियमन संस्थेने, आणि सगळ्यांत वर सरकारी देखरेख. त्यामुळे एखादं दृश्य गळालं की ‘सरकारने कापलं’ हे उत्तर दर वेळी खरं नसतं. कित्येकदा ते कापायचा निर्णय कंपनीतल्या एखाद्या बैठकीत, कोणी तक्रार करायच्या आधीच झालेला असतो, आणि त्याचा कुठे कागदही सापडत नाही.

पैसे देणारा एकच असतो तेव्हा

दोन बेडांमागचं सर्वांत मोठं कारण मला प्रायोजक वाटतं. आज एका कार्यक्रमाच्या मधे वीस कंपन्यांच्या जाहिराती येतात. १९५० च्या दशकात बहुतेक कार्यक्रमांना एकच प्रायोजक असे, फार तर दोन. अख्ख्या कार्यक्रमाचा खर्च एक साबण कंपनी किंवा सिगारेट कंपनी उचलत असे. कार्यक्रम कुणाला खटकला तर तो माणूस साबणावर राग काढील, हा विचार सगळ्यांच्या मनात पहिला.

ही पकड किती घट्ट होती याचं एक उदाहरण अंगावर काटा आणतं. एप्रिल १९५९ मध्ये सीबीएस वाहिनीवर नाझींवर चाललेल्या न्यूरेंबर्गच्या खटल्यावरचं एक नाटक थेट सादर झालं. त्याच्या प्रायोजकांत गॅस उद्योगाची संघटना होती. नाझींच्या गॅस चेंबरचा उल्लेख आला तिथे ‘गॅस’ या शब्दाचा आवाज बंद करण्यात आला. लाखो माणसांच्या हत्येची गोष्ट सांगतानाही प्रायोजकाचा माल सांभाळला जात असेल, तर पलंगाचा प्रश्न काय मोठा?

वाहिन्यांमध्येही मजकूर तपासणारे स्वतंत्र विभाग होते. पटकथा आधी त्यांच्याकडे जाई. म्हणजे लेखक, वाहिनीचा विभाग, जाहिरात संस्था, प्रायोजक कंपनी, स्थानिक केंद्राचा मालक अशा चार-पाच टप्प्यांवर माणसं बसलेली. त्यातल्या कुणा एकाला जरी वाटलं ‘उगाच कशाला वाद’, तरी दोन बेड ठरले. हो म्हणायला सगळे लागत, नको म्हणायला एक पुरे.

लूसीचं बाळ

आता त्या मालिकेकडे येऊ जिच्यामुळे हा विषय जगभर माहीत झाला. ‘आय लव्ह लूसी’ १५ ऑक्टोबर १९५१ रोजी सीबीएसवर सुरू झाली. लूसील बॉल आणि क्युबात जन्मलेला संगीतकार देसी आर्नाझ, दोघं खऱ्या आयुष्यात नवरा-बायको, मालिकेतही नवरा-बायको. प्रायोजक फिलिप मॉरिस ही सिगारेट कंपनी. लूसील आणि देसी यांना हॉलिवूड सोडून न्यूयॉर्कला जायचं नव्हतं आणि कंपनीला पूर्व किनाऱ्यावरच्या प्रेक्षकांना पडद्यावरून टिपलेलं अंधुक चित्र दाखवायचं नव्हतं. म्हणून मालिका प्रेक्षकांसमोर तीन कॅमेऱ्यांनी सरळ फिल्मवर चित्रित झाली. त्यासाठी दोघांनी मानधन कमी करून घेतलं आणि बदल्यात त्या फिल्मांची मालकी मिळवली. म्हणूनच आज आपल्याला त्यांची झोपायची खोली इतकी स्वच्छ दिसते.

त्या खोलीत सुरुवातीच्या भागांत दोन सिंगल बेड एकमेकांना चिकटवलेले होते. पुढे ते वेगळे झाले. नवरा-बायको खरे, लग्न खरं, तरीही.

१९५२ मध्ये लूसीलला दिवस गेले. इतक्या लोकप्रिय मालिकेची नायिका, पोट तर दिसणार. पहिल्यांदा सुचवण्यात आलं की तिला खुर्च्यांमागे, फर्निचरमागे उभं करून चित्रण उरकावं. देसी आर्नाझ अडून बसला. निर्माता जेस ओपनहायमर यालाही गरोदरपण गोष्टीतच आणायचं होतं. देसीने थेट फिलिप मॉरिसच्या प्रमुखाला पत्र लिहिलं आणि वरून होकार आला. पण अटींसह. गरोदर या अर्थाचा नेहमीचा इंग्रजी शब्द उच्चारायचा नाही, ‘प्रेग्नंट’ ऐवजी ‘एक्स्पेक्टिंग’ म्हणायचं. शिवाय एक कॅथलिक पाद्री, एक प्रॉटेस्टंट धर्मगुरू आणि एक ज्यू रब्बी यांनी या भागांच्या पटकथा नजरेखालून घातल्या.

लूसी ही बातमी नवऱ्याला सांगते तो भाग ८ डिसेंबर १९५२ रोजी दाखवला गेला. आणि १९ जानेवारी १९५३ रोजी लूसी इस्पितळात जाते तो भाग लागला. त्याच दिवशी लूसीलने सिझेरियनने मुलाला जन्म दिला होता. सुमारे ४ कोटी ४० लाख लोकांनी तो भाग पाहिला. दुसऱ्या दिवशी आयझेनहॉवर यांचा राष्ट्राध्यक्षपदाचा शपथविधी टीव्हीवर होता, तो पाहणारे त्याहून कमी होते.

मला या प्रकरणात सर्वांत मोलाची गोष्ट ही वाटते की ज्या प्रेक्षकाच्या नावाने हे सगळं जपलं जात होतं त्या प्रेक्षकाला ते नकोच होतं. गरोदर बायको पाहून देश रागावला नाही. देश बाळाची वाट पाहत बसला. प्रेक्षकांबद्दलची भीती ही प्रेक्षकांची नव्हती, ती त्यांच्या वतीने विचार करणाऱ्यांची होती. तरी एवढा पुरावा हाती आल्यावरही सीबीएसवर दोन बेडांची रीत पुढे टिकली. याच वाहिनीवर १९६१ मध्ये सुरू झालेल्या ‘द डिक व्हॅन डाइक शो’मधलं तरुण, एकमेकांवर जीव टाकणारं जोडपंही १९६६ पर्यंत वेगवेगळ्या बेडवर झोपत राहिलं. त्या मालिकेत नायिकेने घरात घट्ट पँट घालण्यावरूनसुद्धा वाद झाला.

‘पण लोक तेव्हा खरंच वेगळे झोपायचे ना?’

काही अंशी हो, आणि ही शंका रास्त आहे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी इंग्लंड-अमेरिकेत काही डॉक्टर सांगू लागले की एका अंथरुणात झोपलं की दुसऱ्याचा श्वास, घाम आणि रोग आपल्याला बाधतात. वेगळे बेड म्हणजे आरोग्य, स्वच्छता, आधुनिकपणा. पुढे जंतूंबद्दलची समजूत बदलली, पण फॅशन राहिली. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सुखवस्तू मध्यमवर्गीय घरात सारखे दिसणारे दोन सिंगल बेड असणं प्रतिष्ठेचं मानलं जाई. त्यामुळे तेव्हाच्या प्रेक्षकाला ते दृश्य आज आपल्याला वाटतं तितकं चमत्कारिक वाटलं नसणार.

पण काही घरांत दोन बेड असणं वेगळं आणि पडद्यावर घरामागून घरात दोन बेड असणं वेगळं. तेच दशक अमेरिकेत तोवरची सर्वाधिक बाळं जन्मण्याचं होतं. १९५७ या एका वर्षात सुमारे ४३ लाख जन्म नोंदले गेले. देशभर पाळणे हलत होते आणि पडद्यावरच्या आई-बाबांमध्ये टेबललॅम्प होता.

बेड एकटा नव्हता. घरातल्या संडासाचीही तीच गत होती. १९५७ मध्ये एका कौटुंबिक मालिकेत संडासाच्या पाण्याची टाकी दिसली तर तीही मोठी गोष्ट ठरली. भांडं दाखवलं गेलं नाही. १९६० मध्ये निवेदक जॅक पार यांचा शौचालयावरचा एक विनोद वाहिनीने कापला, तेव्हा ते चालू कार्यक्रमातून उठून निघून गेले.

मग पहिलं जोडपं कोणतं? फ्लिंटस्टोन?

‘अमेरिकी टीव्हीवर एका पलंगावर झोपलेलं पहिलं जोडपं म्हणजे फ्लिंटस्टोन’ हे वाक्य खूप फिरतं. फ्लिंटस्टोन म्हणजे पाषाणयुगातल्या एका कुटुंबाची कार्टून मालिका. ते वाक्य चूक आहे. मेरी के आणि जॉनी १३ वर्षं आधीचे. १९५२ मध्ये एबीसी वाहिनीवर आलेल्या ‘ओझी अँड हॅरिएट’मध्येही डबल बेड होता. ते नेल्सन कुटुंब खऱ्या आयुष्यातलंच, आई-बाप आणि दोन मुलं स्वतःच्याच भूमिकेत. फ्लिंटस्टोन सप्टेंबर १९६० मध्ये आले आणि कार्टूनमधल्या जोडप्यांत ते पहिले म्हणता येतील.

पुढची नावं पाहिली की एक गंमतीची साखळी दिसते. १९६४ च्या सप्टेंबरमध्ये ‘बिविच्ड’ सुरू झाली, तिच्यात बायको चेटकीण. त्याच महिन्यात ‘द मन्स्टर्स’, तिच्यात सगळं घरच भुताखेतांचं. दोन्हीकडे नवरा-बायको एका पलंगावर. म्हणजे पाषाणयुगातलं कार्टून, चेटकीण आणि राक्षस यांना जे चाललं ते शेजारच्या साध्यासुध्या जोडप्याला चालेना. माझा अंदाज असा, की पात्रं खरी नाहीत म्हटल्यावर आक्षेप घेणाऱ्यालाच अवघडल्यासारखं होतं, आणि ही पळवाट निर्मात्यांच्या बरोबर लक्षात आली. खरं लग्न झालेल्या नटांना सूट मिळे, असंही काहीजण मांडतात. नेल्सन आणि स्टर्न्स यांना ते लागू पडतं, लूसी आणि देसीला पडत नाही. एकच नियम सगळ्यांना बसत नाही, कारण नियम नव्हताच. दर ठिकाणी वेगळ्या माणसाने वेगळा अंदाज बांधला होता.

‘एवढ्या पलंगावरून काय बिघडलं?’

हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो. कुणी म्हणेल, नवरा-बायकोची खोली झाकलेलीच बरी, त्यात नुकसान काय? खोलीत कॅमेरा न नेण्यात काहीच नुकसान नाही. इथे कॅमेरा खोलीत नेला होता आणि आत जाऊन खोटं दाखवलं होतं. लग्न झालेल्या दोघांमधली जवळीकच संशयास्पद आहे, ती लपवायची गोष्ट आहे, असं ते चित्र दर आठवड्याला सांगत होतं.

ही भावना पडद्यापुरती नव्हती. अमेरिकेत अनेक ठिकाणी शिक्षिका गरोदर राहिली की तिला चौथ्या-पाचव्या महिन्यात शाळेतून घरी बसवत. क्लीव्हलंड शहराचा नियम असा, की प्रसूतीच्या पाच महिने आधी बिनपगारी रजेवर जायचं आणि बाळ तीन महिन्यांचं होईपर्यंत परतायचं नाही. पोट दिसू लागलं की मुलं फिदीफिदी हसतील, शिक्षिकेला लाज वाटेल, हे त्या नियमामागचं एक कारण असल्याचं तिथल्या माजी अधिकाऱ्यानेच कोर्टात सांगितलं. सर्वोच्च न्यायालयाने हे नियम घटनाबाह्य ठरवले ते १९७४ मध्ये. म्हणजे लूसीच्या बाळाला कोट्यवधी लोकांनी डोक्यावर घेतल्यानंतर २१ वर्षांनी. टीव्हीमुळे हे नियम झाले असं मी म्हणणार नाही. पण गरोदर बाई चारचौघांत दिसू नये या एकाच समजुतीने एकीला फर्निचरमागे उभं करायचं सुचवलं आणि दुसरीचा पगार थांबवला.

आणखी एक. कनेक्टिकट राज्यात १८७९ चा एक कायदा होता, त्यानुसार गर्भनिरोधक वापरणं हा गुन्हा होता, विवाहित जोडप्यांसाठीसुद्धा. तो १९६५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला. निकालात न्यायमूर्ती डग्लस यांनी विचारलं, की गर्भनिरोधकाच्या खुणा शोधायला पोलिसांना पतिपत्नीच्या शयनगृहात झडती घेऊ द्यायची का? ‘बिविच्ड’मधला डबल बेड टीव्हीवर येऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. ज्या खोलीबद्दल मोकळेपणाने बोलायचं नाही, तिच्याबद्दलचे अन्यायही बोलायला अवघड होतात. ज्या बायकांना किती मुलं व्हावीत हे ठरवता येत नव्हतं, त्यांच्या घराचं चित्र त्यांना दिसत होतं ते दोन नीटनेटक्या बेडांचं.

दोन बेड गेले कसे?

कुणी ठराव करून नाही. १९५९ मध्ये अमेरिकेत प्रश्नमंजूषांच्या कार्यक्रमांचा घोटाळा बाहेर आला. काही स्पर्धकांना उत्तरं आधीच पुरवली जात होती. त्यानंतर वाहिन्यांनी कार्यक्रमांची सूत्रं प्रायोजकांकडून झपाट्याने आपल्या हाती घेतली. कंपन्या अख्खा कार्यक्रम विकत घेण्याऐवजी जाहिरातीची मिनिटं विकत घेऊ लागल्या. एका कंपनीच्या मालकाला झोपायच्या खोलीतलं फर्निचर ठरवण्याइतका हात उरला नाही. १९६० मध्ये गर्भनिरोधक गोळीला मान्यता मिळाली, तिचा परिणाम घराघरांत झाला. सिनेमाची जुनी नियमावली मोडकळीला आली आणि १९६८ मध्ये तिच्या जागी वयानुसार वर्गवारी आली. १९६९ मध्ये ‘द ब्रेडी बंच’मध्ये सहा मुलांचे आई-बाप डबल बेडवर झोपत होते, आणि ती मालिका कौटुंबिक म्हणूनच ओळखली जाते. त्या घरातल्या मुलांच्या न्हाणीघरात मात्र संडासाचं भांडं नव्हतं.

टेलिव्हिजन कोड त्यानंतरही बरीच वर्षं लागू होता. तो लागू असतानाच दोन बेड गेले. त्यासाठी तो बदलावा लागला नाही, कारण बेडांबद्दल तो मुळात काही बोलतच नव्हता. १९७९ मध्ये अमेरिकेच्या न्याय विभागाने त्याच्याविरुद्ध खटला भरला तो जाहिरातींवरून. कोडने दर तासाला किती जाहिराती दाखवायच्या यावर मर्यादा घातली होती, आणि त्यामुळे जाहिरातीच्या वेळेची टंचाई होऊन भाव चढे राहतात, असं सरकारचं म्हणणं होतं. १९८२ मध्ये तडजोड झाली आणि १९८३ मध्ये प्रसारकांनी अख्खा कोडच गुंडाळला, शयनगृहाच्या त्या ओळीसकट.